‘आपल्याच पेशी, त्यात अपाय कसला?’

नात्यातल्या ग्रुपवर फिरणाऱ्या आरोग्यविषयक मेसेजांकडे मी सहसा ढुंकूनही पाहत नाही. हा मात्र मामांनी मला वेगळा पाठवला आणि खाली विचारलं, “गोळ्या थोडे दिवस बंद करून बघू का?” मामांना मागे मोठा हार्ट अटॅक येऊन गेलाय. पंपिंग बरंच खाली गेलं होतं, ते औषधांवर हळूहळू थोडं वर आलंय. अशा माणसाच्या मनात हा प्रश्न येतो, याचा अर्थ मजकूर लिहिणाऱ्याला आपलं काम नीट येतं. ‘फेक आहे, डिलीट करा’ हे उत्तर मामांना दुसऱ्या कुणीतरी आधीच दिलं होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मेसेजचा मथळा ‘हार्ट, किडनी, मेंदू, सगळं पुन्हा उगवतं! हार्वर्डचा शोध कंपन्यांनी दाबला’. आत दावे असे: शरीर दर सात वर्षांनी संपूर्ण नवं होतं. लिव्हर उगवतं तसंच हार्ट आणि किडनीही उगवतात, हे हार्वर्डने सिद्ध केलंय. रोजच्या गोळ्या ही नैसर्गिक दुरुस्ती अडवतात. स्वतःच्या स्टेम सेल (म्हणजे मूळपेशी, ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात) काढून टोचल्या की अवयव नवा होतो, आणि पेशी आपल्याच असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. परदेशात प्रिंटरवर किडनी छापून माणसांना बसवतात. रोज दंडाला बीपीचा पट्टा आवळला तर हार्ट अटॅक येत नाही. उंदरांवर शंभर टक्के यश आलंय. आणि हे सगळं औषध कंपन्यांनी लपवलंय. सगळ्यात खाली ‘मोफत सल्ल्यासाठी’ एक फोन नंबर.

“दर सात वर्षांनी शरीर संपूर्ण नवं होतं”

काही भाग नवे होतात, हे खरं. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस टिकतात, कातडी सतत झडते आणि भरते. पण मेंदूच्या बाह्य पटलातल्या बहुतेक चेतापेशी तुमच्याच वयाच्या असतात, डोळ्यातल्या भिंगाचा गाभाही तसाच. सगळ्यांची सरासरी काढून ‘सात वर्षं’ म्हणायचं आणि ती प्रत्येक अवयवाला चिकटवायची, हा निव्वळ चावटपणा आहे.

हृदयाचं उत्तर ज्या पद्धतीने मिळालं ते मला फार आवडतं. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर आणि हवेत जे अणुस्फोट झाले त्यांमुळे वातावरणातलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं. अशा स्फोटांवर बंदी घालणाऱ्या १९६३च्या करारानंतर ते ओसरत गेलं. वनस्पती हा कार्बन घेतात आणि अन्नातून तो आपल्यात येतो. पेशी जन्मते तेव्हा तिचा डीएनए त्या वर्षीच्या कार्बनचा बनतो, आणि पुढे तो बदलत नाही. म्हणजे डीएनएतलं कार्बन-१४ मोजलं की पेशीचं जन्मवर्ष कळतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या हृदयातल्या स्नायूपेशींवर हेच केलं. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. पूर्ण आयुष्यात निम्म्याहून कमी. सात वर्षांत सात टक्केसुद्धा मुश्किलीने, आणि तेही तरुण वयात.

मोठ्या झटक्यात शंभर कोटींच्या घरात स्नायूपेशी मरू शकतात. वर्षाला एक टक्क्याच्या वेगाने ती तूट कशी भरून निघणार? शरीर तिथे स्नायू घडवायच्या भानगडीतच पडत नाही. ते कोलॅजनचा घट्ट व्रण विणतं. तो आकुंचन पावत नाही, पण तो झाला नसता तर मेलेली भिंत रक्ताच्या दाबाने फुटली असती. गळक्या छपरावर घाईघाईत पत्रा टाकावा तसं ते काम आहे: घर वाचतं, कौलं परत येत नाहीत.

“लिव्हर उगवतं, तसंच हार्ट आणि किडनी”

लिव्हरचं खरं आहे. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराच्या जातीतल्या रॅटचं दोन तृतीयांश यकृत कापलं आणि थोड्याच दिवसांत वजन जवळजवळ पूर्वीइतकं भरलं. जिवंत माणूस यकृताचा भाग दान करू शकतो तो याच गुणामुळे. पण कापलेला भाग परत फुटत नाही, उरलेला भाग मोठा होतो. आणि सिरॉसिस झालेल्या, व्रणांनी भरलेल्या यकृतात हा गुणही लंगडा पडतो.

किडनीत गाळणीचं काम करणारे नेफ्रॉन एका बाजूला साधारण दहा लाख असतात, माणसागणिक हा आकडा बराच कमीजास्त होतो. ते सगळे जन्माआधीच, गर्भारपणाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास बनून संपतात. नंतर एकही नवा बनत नाही. नेफ्रॉनमधल्या नळीच्या पेशी मात्र दुखापतीनंतर पुन्हा भरतात, त्यामुळेच जुलाब, जंतुसंसर्ग किंवा एखाद्या औषधामुळे अचानक बंद पडलेली किडनी काही आठवड्यांत सुधारू शकते. मेसेज लिहिणाऱ्याने अशीच एखादी गोष्ट ऐकलेली असणार. वर्षानुवर्षं मधुमेहाने झिजलेल्या किडनीशी तिचा संबंध नाही.

आता हृदय. इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतंय. झेब्राफिश नावाच्या माशाच्या हृदयाच्या जवनिकेचा (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा) वीस टक्के भाग कापला तर दोनेक महिन्यांत ते पुन्हा भरतं, हे २००२ साली दाखवलं गेलं. २०११ मध्ये त्याहून मोठं आश्चर्य: एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचं हृदयही भरतं. तेच पिल्लू सात दिवसांचं झालं की फक्त व्रण होतो. त्या सहा दिवसांत नेमकं काय बंद होतं आणि ते पुन्हा चालू करता येईल का, यावर जगभरच्या प्रयोगशाळा डोकं खपवतायत. ते संशोधन खरं आहे, उत्तम आहे, आणि मामांच्या पासष्टीतल्या हृदयाला आज तरी त्याचा उपयोग नाही.

राहिलं ‘हार्वर्डने सिद्ध केलंय’. हे वाचून मी अक्षरशः हसलो, कारण यातली खरी कहाणी मेसेजच्या नेमकी उलटी आहे.

२००१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. उंदरांना हार्ट अटॅक घडवून अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या पोकळीतल्या मगजातल्या) पेशी टोचल्या आणि नऊ दिवसांत मेलेल्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने भरला, असा दावा. त्यामागे पिएरो अन्व्हर्सा हे संशोधक होते. पुढे ते हार्वर्डशी संलग्न असलेल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये आले आणि प्रौढ माणसाच्या हृदयातही स्टेम सेल असतात, असं त्यांचा गट मांडत राहिला. पण २००४ मध्येच ‘नेचर’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी लिहिलं होतं की अस्थिमज्जेच्या पेशी हृदयाचा स्नायू बनतच नाहीत. तरी पैसा वाहत राहिला, रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. २०१७ मध्ये त्या प्रयोगशाळेतल्या कथित बनावट माहितीवर सरकारी अनुदान घेतल्याच्या प्रकरणात रुग्णालयाने आणि त्याच्या पालक संस्थेने अमेरिकी सरकारला एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅमने सांगितलं की त्या प्रयोगशाळेच्या ३१ निबंधांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती आहे, ते मागे घ्या. हृदयाच्या स्टेम सेलवरची, सरकारी पैशावर चाललेली एक मोठी चाचणी त्याच महिन्यात तात्पुरती थांबवण्यात आली.

थोडक्यात, हार्वर्डने ‘सिद्ध’ काही केलं असेल तर ते हेच की या दाव्याखालची जमीन पोकळ होती. मेसेजमध्ये हार्वर्डचं नाव आहे, ३१ निबंधांचा उल्लेख नाही.

कुणी म्हणेल, एक माणूस वाईट निघाला, बाकीच्यांचं काय? २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक विलक्षण अभ्यास आला. हृदयरुग्णांना अस्थिमज्जेच्या पेशी देऊन केलेल्या ४९ चाचण्यांचे अहवाल लेखकांनी घेतले आणि त्यांतल्या विसंगती मोजल्या: बेरजा न जुळणं, तक्त्यात एक आणि मजकुरात दुसरं, अशा. सहाशेहून जास्त निघाल्या. मग त्यांनी पाहिलं की विसंगती आणि ‘यश’ यांचं नातं काय. एकही विसंगती नसलेल्या चाचण्यांत पंपिंगमध्ये सरासरी फरक उणे ०.४ टक्के, म्हणजे शून्यच. तीसपेक्षा जास्त विसंगती असलेल्यांत ७.७ टक्के वाढ. जितका गोंधळ जास्त, तितकी सुधारणा मोठी! बाकी सगळं विसरा पण हा एक अभ्यास लक्षात ठेवा, असं मी मामांना सांगितलं.

आणि उंदरांमध्ये जी थोडी सुधारणा खरोखर दिसायची तिचं कोडं २०२० मध्ये बरंचसं सुटलं. पुन्हा ‘नेचर’मध्येच. पेशी मारून टोचल्या तरी तेवढाच फायदा होत होता. पेशींऐवजी नुसतं दाह चेतवणारं एक रसायन टोचलं तरीही होत होता. म्हणजे नवा स्नायू बनतच नव्हता. टोचल्यामुळे रोगप्रतिकारक पेशी तिथे धावत होत्या आणि व्रण जरा चांगला बांधला जात होता.

“गोळ्या नैसर्गिक दुरुस्ती अडवतात”

याच ओळीमुळे मामांनी प्रश्न विचारला, म्हणून इथे हसू येत नाही.

अटॅकनंतर जिवंत राहिलेल्या स्नायूवर भार वाढतो. अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं त्याला चाबूक मारत राहतात, हृदय फुगत जातं, भिंत पातळ होते. बीटा ब्लॉकर आणि त्याच्या जोडीच्या गोळ्या हा चाबूक काढून घेतात. हृदय लहान होतं, पंपिंग सुधारतं. नवी पेशी एकही येत नाही, आहे त्या पेशींना नीट काम करता येतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बायसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या चाचणीत, अडीच हजारांहून जास्त रुग्णांत, मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले.

मग पंपिंग सुधारल्यावर गोळ्या थांबवल्या तर? हा प्रश्न वेडगळ नाही, आणि लंडनच्या डॉक्टरांनी तो नीट तपासला. २०१९ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. हृदय फुगण्याच्या आजारातून पूर्ण सावरलेले, काही त्रास नसलेले ५१ जण. निम्म्यांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत त्यांतल्या ४४ टक्के लोकांचा आजार उलटला. ज्यांच्या गोळ्या चालू होत्या त्यांच्यात एकाचाही नाही. हे लोक अटॅकचे रुग्ण नव्हते, मामांपेक्षा बऱ्या स्थितीत होते, आणि तरी ही गत.

बीटा ब्लॉकर एकदम बंद करणं तर आणखी धोक्याचं, ठोके आणि बीपी उसळतात. बास, याच्यावर जास्त लिहायची गरज नाही.

“आपल्याच पेशी, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य”

मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ऐकताना ते अगदी पटतं. आपलं रक्त, आपली चरबी, आपली मज्जा, आपल्याला काय करणार?

‘आपल्या’ असण्याचा फायदा एकच: शरीर त्यांना परकं समजून हल्ला करत नाही. बाकी कशाचीही हमी त्यात नाही. पेशी कुठे आहे, शेजारी कोण आहे, तिला कोणते रासायनिक इशारे मिळतायत, यावर ती काय बनणार हे ठरतं. एका ठिकाणची पेशी उचलून भलत्याच ठिकाणी सोडली तर तिला काय करायचं ते तिथे सांगणारं कुणी नसतं. मग ती एकतर मरते, नाहीतर तिला येतं ते करत राहते.

‘येतं ते करत राहते’ म्हणजे काय? मणक्याच्या दुखापतीने अधू झालेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी बसवल्या गेल्या. वास ओळखणाऱ्या भागात चेतापेशी आयुष्यभर नव्या बनत असतात, त्यामुळे मज्जारज्जू जोडला जाईल ही कल्पना. कल्पना मूर्खपणाची नव्हती. आठ वर्षांनी ती पाठदुखी घेऊन आली. मज्जारज्जूत गाठ होती. काढली तेव्हा आत नाकासारखं अस्तर, हाडाचे तुकडे आणि घट्ट शेंबडासारखा द्राव निघाला. आठ वर्षं त्या पेशी पाठीच्या कण्यात शेंबूड तयार करत होत्या! पेशी तिच्याच होत्या, शंभर टक्के. २०१४ मध्ये शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात हे सगळं छापून आलंय.

दुसरं उदाहरण किडनीचं, कारण मेसेज किडनीच्या रुग्णांनाही गळ घालतो. ल्यूपस या आजाराने किडनी खराब झालेल्या एका स्त्रीने एका खासगी क्लिनिकमध्ये स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या स्टेम सेल थेट किडनीत टोचून घेतल्या. किडनीचं काम सुधारलं नाही. पुढे कमरेत दुखणं आणि लघवीतून रक्त सुरू झालं. किडन्यांत गाठी सापडल्या, टोचलेल्या जागी रक्तवाहिन्या आणि रक्तपेशी वेड्यावाकड्या वाढल्या होत्या. डावी किडनी काढावी लागली. अमेरिकेतल्या किडनीतज्ज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात २०१० साली हे प्रकरण आलं. स्टेम सेलचा मुख्य गुण वाढत राहणं हाच आहे. तोच गुण चुकीच्या जागी गाठ बनतो, यात नवल काय?

आता ज्यांना हे काम खरंच कळतं ते काय करतात ते बघा. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये प्रौढ उंदराच्या साध्या पेशीला चार जनुकांच्या मदतीने पुन्हा मूळपेशीच्या अवस्थेत नेलं. त्याबद्दल २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. २०१४ मध्ये जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका रुग्णाच्या कातडीच्या पेशींपासून अशा मूळपेशी, त्यांपासून दृष्टिपटलाचा थर बनवला आणि तिच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णासाठीही तयारी झाली होती. पण बसवण्याआधी त्या पेशींची जनुकं तपासली, बदल आढळले, आणि त्यांनी हात थांबवला. पेशी त्या रुग्णाच्याच होत्या. तरी थांबवला.

स्टेम सेलचा सगळाच उद्योग थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जा प्रत्यारोपण गेली कित्येक दशकं होतंय, त्यासाठी १९९० चं नोबेलही मिळालं. रसायनाने जळलेल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेवरून पेशी घेऊन, त्या वाढवून परत बसवायचा उपचार युरोपात २०१५ पासून मान्य आहे. भाजलेल्यांसाठी प्रयोगशाळेत कातडी वाढवण्याचं काम हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ च्या सुमारास सुरू केलं. त्याचं सगळ्यात थक्क करणारं फळ २०१७ मध्ये जगासमोर आलं: जनुकीय आजाराने अंगभर सोललेल्या सात वर्षांच्या मुलाची जवळपास ८० टक्के कातडी, दुरुस्त जनुक घातलेल्या त्याच्याच पेशींपासून जर्मनीत बदलली गेली. यांतली समान गोष्ट पाहा. रक्ताच्या पेशीने रक्त बनवलं, कातडीच्या पेशीने कातडी, बुबुळाच्या पेशीने बुबुळाचं आवरण. पोटाच्या चरबीतून काढून हृदयात, किडनीत, गुडघ्यात आणि मेंदूत चालणारं एकच इंजेक्शन या यादीत नाही.

“परदेशात किडनी छापून बसवतात”

नाही बसवत. २०११ मध्ये अँथनी अटाला या अमेरिकी शल्यविशारद-संशोधकांनी एका व्याख्यानात मंचावर किडनीच्या आकाराची छापलेली वस्तू दाखवली. आकार किडनीचा होता, काम करणारी किडनी नव्हती. तोच व्हिडिओ अजून फिरतोय.

अडचण आकाराची नाही, रक्तपुरवठ्याची आहे. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापेक्षा लांब असलेल्या पेशीपर्यंत प्राणवायू पोचत नाही. त्यामुळे कातडीसारखा पातळ थर जमतो, जाड अवयवाचा गाभा मरतो. याच अटाला यांनी २००६ मध्ये सात मुलांच्या मूत्राशयाला त्यांच्याच पेशी वाढवून केलेली ठिगळं जोडल्याचं प्रसिद्ध केलं. ते खरं काम होतं. पण नंतर दुसऱ्या, नीट आखलेल्या चाचणीत तसाच फायदा दिसला नाही. रॅटच्या किडनीतल्या पेशी धुऊन काढून उरलेल्या सांगाड्यात नव्या पेशी भरल्या आणि तिने थोडं मूत्र तयार केलं, हेही २०१३ मध्ये झालंय. माणसापर्यंत ते आलेलं नाही.

‘स्वतःच्या पेशींचा अवयव’ घाईने माणसात बसवण्याची गोष्टही घडलीय. पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने २०११ पासून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात रुग्णाच्या मज्जेतल्या पेशी लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका तिघांना बसवली. जगभर वाहवा झाली. तिघेही दगावले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला गंभीर शारीरिक इजा केल्याबद्दल अडीच वर्षांची शिक्षा दिली. विज्ञानात अशा माणसांचा उदोउदो होतो आणि मग पडदा फाटतो, तो फाडणारे बहुतेक वेळा त्याच रुग्णालयातले सहकारी असतात. इथेही तेच झालं.

“दंडाला रोज पट्टा आवळा”

हा दावा वाचून मी चमकलो, कारण यामागे खरं विज्ञान आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटांसाठी चारदा बंद केली आणि सोडली, मग सलग ४० मिनिटं बंद केली. आधीच्या त्या छोट्या ‘सवयी’मुळे मेलेला भाग चौथ्या हिश्श्यावर आला. अवयव वाचवण्याच्या संशोधनात याहून जास्त वेळा पडताळलेला प्रयोग क्वचितच सापडेल. पुढे लक्षात आलं की दंड आवळला तरी हृदयाला थोडं संरक्षण मिळतं, निदान प्राण्यांत.

पण त्याच प्रयोगात रक्तवाहिनी तीन तास बंद ठेवली तेव्हा फायदा नाहीसा झाला. हे संरक्षण थोडा जास्त वेळ मिळवून देतं, इतकंच. आणि माणसांत? २०१९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये चार देशांतल्या ५,४०१ रुग्णांची चाचणी आली. अटॅक आल्यावर अँजिओप्लास्टीआधी अर्ध्यांच्या दंडाला पट्टा आवळून सोडला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती: पट्टा नसलेल्यांत ८.६ टक्के, असलेल्यांत ९.४. काही फरक नाही. घरी रोज पट्टा आवळून अटॅक टळतो, याचा तर या संशोधनाशी संबंधच नाही.

“उंदरांवर शंभर टक्के यश” आणि “कंपन्यांनी दाबलं”

उंदरांचं एका आकड्यात आटोपतो. २००६ मध्ये काही संशोधकांनी पक्षाघातात मेंदू वाचवण्यासाठी तपासलेल्या उपायांची मोजदाद केली: १,०२६. त्यांतले ११४ माणसांपर्यंत आले. गुठळी विरघळवणारं औषध सोडलं तर एकही टिकला नाही. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, त्याला बीपी-शुगर नसते, आणि औषध झटका बसल्यावर मिनिटांत मिळतं. रुग्णालयात येणारा माणूस तसा नसतो.

कंपन्या साधुसंत नाहीत, नको असलेले निकाल त्यांनी पूर्वी लपवलेत, हे मान्य. पण चालणारा उपचार लपवून त्यांना काय मिळणार? २०२५ मध्ये एका औषध कंपनीनेच मूळपेशींपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची चाचणी जाहीर केली: पूर्ण मात्रा मिळालेल्या टाइप वन मधुमेहाच्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षभराने बाहेरून इन्सुलिनची गरज उरली नव्हती. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, ही त्याची किंमत, आणि तीही त्यांनी सांगितली. लपवलं कुठे?

खरं तर या क्षेत्रात गाजावाजा न होता चालून गेलेल्या गोष्टी दुरुस्तीपेक्षा बचावाच्या आहेत. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं शरीर ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवलं तर मेंदूची हानी कमी होते, आता हा नेहमीचा उपचार आहे. दान केलेलं यकृत बर्फात ठेवण्याऐवजी शरीराच्या तापमानावर यंत्रातून रक्त फिरवत ठेवलं तर त्याची इजा निम्म्याने कमी होते, हे २०१८ मध्ये २२० प्रत्यारोपणांवर दिसलं. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात १०० दिवसांपर्यंत गोठवलेल्या रॅटच्या किडन्या चुंबकीय नॅनोकणांनी सर्वत्र एकसारख्या गरम करून बसवल्या आणि त्या चालल्या. मला तरी हे प्रिंटरवरच्या किडनीपेक्षा जास्त रोमांचक वाटतं. पण यात विकण्यासारखं इंजेक्शन नाही, म्हणून याचे फॉरवर्ड येत नाहीत.

आणि तो फोन नंबर

मामांनी नंबर लावला नव्हता, हे बरं. कुणी लावलाच, तर पलीकडचा माणूस बहुधा म्हणेल, ‘आमचा अभ्यास आंतरराष्ट्रीय नोंदणीत आहे.’ ते खरंही असू शकेल. अमेरिकी सरकारच्या चाचण्यांच्या यादीत नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे, नोंद संशोधक स्वतःच करतो. मार्च २०१७ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्लोरिडातल्या तीन वृद्ध स्त्रियांची हकिकत आहे. वयामुळे दृष्टिपटल झिजलेलं, पण बऱ्यापैकी दिसत होतं. ज्या ‘चाचणी’साठी त्या गेल्या ती याच यादीत होती. प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले, पोटाच्या चरबीतून काढलेल्या स्वतःच्याच पेशी डोळ्यात टोचून घेतल्या आणि काही दिवसांतच दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली.

त्या अहवालात डॉक्टरांनी ज्यावर बोट ठेवलं त्या दोन गोष्टी मी मामांना लिहून दिल्यात, पुढे कुणीही काहीही सुचवलं तर विचारायला. एक, खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. दोन, नवा उपचार आधी एका डोळ्यात करतात, परिणाम पाहतात, मग दुसऱ्याचं बोलतात. त्या तिघींच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन दिलं होतं.